‘बीएस’ आली कुठून? युनिक्सवरच्या विस्मरणात गेलेल्या भाषेचा माग कसा काढावा

युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या जुन्या मॅन्युअलांत ‘बीएस’ नावाच्या प्रोग्रॅमिंग भाषेचं एक पान सापडतं. नाव म्हणजे बी आणि एस ही दोनच अक्षरं. पुढे एका ओळीची ओळख: बेताच्या आकाराच्या प्रोग्रॅमांसाठी कंपायलर-इंटरप्रिटर. ही भाषा बेसिक आणि स्नोबॉल-४ या जुन्या भाषांची लांबची वंशज आहे आणि तिच्यात थोडी सी मिसळली आहे, हे वर्णनाच्या पहिल्याच वाक्यात सांगून टाकलंय. आयबीएमच्या एआयएक्स या युनिक्सच्या मॅन्युअलात ही आज्ञा आजही भेटते. उबुंटूवर किंवा मॅकवर टाइप केलीत तर ‘अशी आज्ञा नाही’ एवढंच उत्तर येतं.

अशा भाषेचा इतिहास शोधण्याचं काम मी नागपुरातल्या इंजिनिअरिंगच्या मुलामुलींना आवर्जून सुचवतो. त्याला लॅब लागत नाही की अनुदान लागत नाही. लॅपटॉप, बऱ्यापैकी चालणारं इंटरनेट, एक जाड वही आणि मे महिन्यातल्या दुपारी एवढ्यावर भागतं. पारा पंचेचाळिशीला टेकलेला असतो, कूलरसमोरून उठायची कुणाची तयारी नसते, तेव्हा जुनी मॅन्युअलं वाचण्यासारखं काम नाही. हा नुसता छंदही नव्हे. ज्यांनी या भाषा लिहिल्या ते लोक आता वृद्ध झालेत, कागद विखुरलेत, आणि इंटरनेटवर एकाचं वाक्य दुसऱ्यानं उचललेलं फार. मूळ पुरावा हातात घेऊन कुणीतरी बसायला हवं.

पुढची पद्धत बीएसच्या उदाहरणावर बेतली आहे, पण ‘एसएनओ’, ‘बीएएस’, ‘टीएमजी’ अशा कुठल्याही अनोळखी भाषेला ती चालते. आज्ञांची नावं मी देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलवर नेहमीचं रोमन स्पेलिंगच वापरायचं.

आधी विचारा: कशाची तारीख?

‘बीएस कधी आली?’ या प्रश्नाला एकच उत्तर नसतं. लेखकानं पहिल्यांदा ती चालवून पाहिली तो दिवस एक. मॅन्युअलात पान आलं तो दुसरा. प्रयोगशाळेबाहेरच्या लोकांना ती मिळाली तो तिसरा. तुमच्या हातात असलेली प्रत ज्या दिवशी शेवटची बदलली तो चौथा. हे चारही दिवस वेगवेगळे असतात, आणि त्यांत वर्षांचं अंतर असू शकतं.

युनिक्सच्या ‘सिस्टिम थ्री’ या आवृत्तीचंच बघा. बेल सिस्टिमच्या आत, म्हणजे युनिक्स जिथे जन्मलं त्या अमेरिकी टेलिफोन कंपन्यांच्या समूहात, ती ‘रिलीज ३.०’ म्हणून १९८० मध्ये वावरत होती. बाहेरच्यांना ती मिळाली १९८२ मध्ये. आता एकानं ‘बीएस १९८०ची’ लिहिलं आणि दुसऱ्यानं ‘१९८२ची’, तर दोघेही सिस्टिम थ्रीकडेच बोट दाखवत असतील. आणि दोघांनीही भाषेच्या जन्माबद्दल काहीच सांगितलेलं नसेल.

म्हणून वहीत चार रकाने आखा: दावा, ही कशाची तारीख, कुठे पाहिलं, आणि काय सापडलं तर हा दावा मोडेल. चौथा रकाना रिकामा सोडू नका. ‘सातव्या आवृत्तीत बीएस नाही’ या दाव्यापुढे ‘सातव्या आवृत्तीच्या मॅन्युअलच्या पहिल्या, म्हणजे आज्ञांच्या, विभागात बीएसचं पान मिळालं तर’ असं लिहिलंत, की तपासायचं काय ते आपोआप ठरतं.

दोन अक्षरांचं नाव शोधायचं कसं

सर्च इंजिनमध्ये ‘बीएस’ टाकून काही हाती लागत नाही, आणि लागलं तर ते वाचण्यासारखं नसतं. नावाऐवजी मॅन्युअलातलं एखादं ठसठशीत वाक्य अवतरणचिन्हांत घालून शोधा. ‘मॉडेस्ट-साइज्ड प्रोग्रॅम्स’ हा शब्दसमूह बीएसच्या पानाखेरीज फार थोड्या ठिकाणी येतो. त्यातल्या अजब शब्दांवरही शोध चांगला लागतो. बीएसमध्ये फंक्शन ‘फन’ने सुरू होतं आणि ‘नफ’ने संपतं, म्हणजे तीच अक्षरं उलटी. ‘फन’, ‘नफ’ आणि ‘एफ-रिटर्न’ हे तिन्ही एकत्र टाकलेत की गर्दी एकदम ओसरते.

त्यानंतर सर्च इंजिन बाजूला ठेवा आणि संग्रहांत शिरा. युनिक्स हेरिटेज सोसायटीचा संग्रह ही पहिली जागा. ऑस्ट्रेलियातल्या वॉरन टूमी यांनी तो उभा केला. जुन्या टेप, सोर्स कोड, मॅन्युअलं असं सगळं त्यात आवृत्तीनुसार लावलेलं आहे. दुसरी जागा बिटसेव्हर्स. तिथे छापील मॅन्युअलांच्या स्कॅन प्रती आहेत. स्कॅनमधला मजकूर यंत्रानं ओळखून घेतलेला असतो, त्यामुळे दोन अक्षरांचं नाव शोधात हमखास निसटतं. अनुक्रमणिका डोळ्यांनीच वाचा. पहिल्या विभागातल्या आज्ञा वर्णक्रमानं असतात, ‘बीसी’ आणि ‘कॅल’ यांच्या मध्ये नजर टाकली की कळतं.

झाडाची कोणती फांदी?

माझ्या मते सगळ्या शोधात सर्वांत जास्त फळ देणारी पायरी ही, आणि लोक नेमकी हीच गाळतात.

न्यू जर्सीतल्या मरे हिल इथल्या बेल लॅब्जच्या संशोधन विभागातलं युनिक्स मॅन्युअलच्या आवृत्तीवरून ओळखलं जातं. पहिली आवृत्ती नोव्हेंबर १९७१, दुसरी जून १९७२, तिसरी फेब्रुवारी १९७३, चौथी नोव्हेंबर १९७३, पाचवी जून १९७४, सहावी मे १९७५, सातवी जानेवारी १९७९. ही यादी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, ती सारखी लागते. ही झाली मुख्य खोडाची ओळ.

याच काळात बेल लॅब्जमध्येच दुसरीकडे ‘प्रोग्रॅमर्स वर्कबेंच’, म्हणजे पीडब्ल्यूबी, नावाचं युनिक्स वाढत होतं. इव्हान आयव्ही आणि रड कॅनडे यांनी १९७३च्या सुमारास ते सुरू केलं. संशोधनापेक्षा मोठमोठ्या टीमना रोजचं प्रोग्रॅमिंग करता यावं हा त्यामागचा हेतू. सोर्स कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं एससीसीएस, जॉन मॅशी यांचं शेल (आज्ञा वाचून चालवणारा प्रोग्रॅम), ‘फाइंड’, ‘सीपीआयओ’, ‘एक्स्पर’ ही सगळी त्या घरातली मंडळी. पीडब्ल्यूबी १.० आलं १९७७ मध्ये. पुढे सातव्या आवृत्तीतलं आणि पीडब्ल्यूबीसारख्या कंपनीतल्या शाखांमधलं बरंच काही एकत्र करून सिस्टिम थ्री झाली, आणि जानेवारी १९८३ मध्ये सिस्टिम फाइव्ह. बर्कली विद्यापीठाचं युनिक्स, बीएसडी, मात्र सहाव्या-सातव्या आवृत्तीवरून आणि ३२व्हीवरून (सातव्या आवृत्तीचं ३२-बिट यंत्रासाठीचं रूप) वाढलं.

आता बीएसला या झाडावर ठेवून बघा. सातव्या आवृत्तीच्या मॅन्युअलात ‘बीएएस’ आहे, ‘बीसी’ आहे, ‘ऑक’ आहे, बीएस नाही. बीएसडीत नाही. सिस्टिम थ्रीत आहे. सिस्टिम फाइव्हचा वारसा सांगणाऱ्या एआयएक्समध्ये आहे. एवढ्या चार नोंदींवरून फांदी ठरते: ही भाषा कंपनीच्या कामकरी शाखेतली आहे, संशोधन विभागातली नाही. ती लिनक्सवर का दिसत नाही याचाही उलगडा इथेच होतो. ज्या वाटांनी युनिक्सची हत्यारं विद्यापीठांत आणि तिथून पुढे मोफत सॉफ्टवेअरच्या जगात गेली, त्या वाटांवर बीएस कधी आलीच नाही.

नवशिके इथे आणखी एका ठिकाणी फसतात. डायोमिडिस स्पिनेलिस यांनी युनिक्सचा सगळा इतिहास एका गिट रिपॉझिटरीत (कोडमधला प्रत्येक बदल नोंदवणाऱ्या साठ्यात) बसवला आहे. १९७०च्या पीडीपी-७ या संगणकावरच्या कोडपासून आजच्या फ्रीबीएसडीपर्यंत. काम थोर आहे, आणि ‘गिट लॉग’ला मोठ्या एसचा पर्याय देऊन एखादा शब्द पहिल्यांदा कधी आला ते त्यात शोधता येतं. पण ती वाट संशोधन आवृत्त्या, बर्कली, फ्रीबीएसडी अशी जाते. बीएस तिथे मिळाली नाही म्हणजे ती नव्हती असं होत नाही. आपण वेगळ्या फांदीवर शोधत होतो एवढाच त्याचा अर्थ. शिवाय त्या रिपॉझिटरीतल्या सुरुवातीच्या नोंदी नंतर जुळवून केलेल्या आहेत. १९७२ मध्ये कुणी ‘गिट कमिट’ करत नव्हतं. तिथे दिसणारं लेखकाचं नाव हा कुणीतरी विचारपूर्वक काढलेला निष्कर्ष समजा आणि त्याचा मूळ आधार शोधा.

एकच पान, सावकाश

मॅन्युअलचं पान माहितीसाठी वाचतात तसं वाचू नका. कोर्टात साक्षीदाराची जबानी तपासतात तसं ओळ न् ओळ तपासा.

कर्त्यापासून सुरू करू. पहिल्या आवृत्तीच्या पानांवर ‘ओनर’ असा मथळा असतो आणि खाली आद्याक्षरं: केन थॉम्पसनसाठी ‘केन’, डेनिस रिची यांच्यासाठी ‘डीएमआर’, जो ओसाना यांच्यासाठी ‘जेएफओ’, रॉबर्ट मॉरिस यांच्यासाठी ‘आरएचएम’. पुष्कळ जण हेच लेखकाचं नाव समजून मोकळे होतात. त्याच मॅन्युअलच्या प्रस्तावनेत खुलासा आहे: ज्यानं शेवटचा बदल केला तो मालक, त्यामुळे मालक हा लेखक असेलच असं नाही. प्रस्तावना वाचल्याशिवाय पानाचा अर्थ लावू नये तो यासाठी.

मग भाषेची रचना. बीएसच्या पानावर ‘एफ-रिटर्न’ आहे, म्हणजे फंक्शननं अपयशी होऊन परतणं. पदावलीपुढे प्रश्नचिन्ह लावलं की तिची किंमत न बघता ती यशस्वी झाली की नाही एवढंच तपासलं जातं. ‘टेबल’ नावाची रचना आहे, तिच्यात आकड्याऐवजी शब्दानं घर शोधता येतं. ही तिन्ही चिन्हं सरळ स्नोबॉल-४ची. स्नोबॉल ही बेल लॅब्जचीच भाषा. डेव्हिड फार्बर, राल्फ ग्रिस्वोल्ड आणि आयव्हन पोलोन्स्की यांनी १९६२ मध्ये तिची सुरुवात केली. वंशावळ पानावर आयती दिली आहे, पण ती अशी अवयवावरून पडताळून घेतली की दाव्याला वजन येतं.

‘आयबेस’ आणि ‘ओबेस’ या आज्ञा आकडे कुठल्या पायात वाचायचे आणि छापायचे ते ठरवतात. ‘बीसी’ या गणकातही त्या त्याच नावानं आहेत. ‘फॉरमॅट’चं वर्णन सीमधल्या प्रिंटएफ या छापणाऱ्या फंक्शनकडे बोट दाखवतं, आणि ‘हेही पाहा’ या यादीत स्टँडर्ड आय-ओ लायब्ररीचा, म्हणजे वाचण्या-लिहिण्याच्या सीमधल्या तयार फंक्शनांचा, विभाग आहे. म्हणजे आपल्या समोरचं पान ती लायब्ररी रुळल्यानंतरचं. पान बरं का. भाषा त्याआधीची असू शकते. कशाची तारीख, हे इथे पुन्हा विचारायचं.

सारखेपणावरून नातं जोडताना हात जरा आखडता घ्या. बीएसमध्ये ‘इफ’ बंद करायला ‘फाय’ आहे. बॉर्न शेलमध्येही तेच, आणि स्टीव्हन बॉर्न यांनी ते अल्गोल-६८ या भाषेतून घेतलं. म्हणून बीएसनं ते बॉर्न शेलमधून घेतलं का? असेलही. पण अल्गोल-६८ सगळ्यांनाच खुली होती, आणि ‘फन-नफ’ बघता उलट्या शब्दांची ही गंमत लेखकाला स्वतःलाच आवडली असणंही शक्य आहे. उलट पीडब्ल्यूबीच्याच मॅशी शेलमध्ये ‘एंडइफ’ होतं, म्हणजे शेजारच्या टेबलावरून ते आलेलं नाही. एवढं लिहायचं आणि थांबायचं.

याउलट एक साम्य मला खूपच बोलकं वाटतं. बीएसमध्ये ‘मॅच’ नावाचं फंक्शन आहे. शब्दावर नमुना ताडून बघायचं काम ते करतं. नमुन्याची लिपी ‘ईडी’ या संपादकासारखी. पण दोन गोष्टी खास आहेत: नमुना नेहमी शब्दाच्या सुरुवातीपासूनच जुळायला हवा, आणि उत्तर म्हणून जुळलेल्या अक्षरांची संख्या मिळते. आता ‘एक्स्पर’चं पान उघडा. त्यातली अपूर्णविरामाची क्रिया अगदी तशीच वागते: नमुना सुरुवातीला खिळलेला, उत्तर अक्षरांच्या संख्येत. ‘एक्स्पर’ डिक हेट यांचं, आणि बीएसचा कर्ता म्हणूनही त्यांचंच नाव घेतलं जातं. ‘फाइंड’ आणि ‘सीपीआयओ’ही त्यांचीच. १९७८च्या बेल सिस्टिम टेक्निकल जर्नलच्या युनिक्स विशेषांकात पीडब्ल्यूबीवरचा लेख आहे, त्याचे लेखक डोलोटा, हेट आणि मॅशी. सांगोवांगी नाव, वागणुकीतलं साम्य आणि छापील लेखातली उपस्थिती अशा तीन स्वतंत्र वाटांनी एकाच घरापाशी पोहोचलात की ते नाव निर्धास्त लिहा.

पानावरची उदाहरणं तर सोडूच नका. बीएसला गणकासारखं वापरून दाखवताना लेखकानं पहिला प्रश्न घेतलाय: एका नॅनोसेकंदात प्रकाश किती इंच जातो? १८६००० गुणिले ५२८० गुणिले १२, भागिले एक अब्ज. उत्तर ११.७८४९६. सेकंदाला १,८६,००० मैल, मैलाचे ५,२८० फूट, फुटाचे १२ इंच. मोबाइलवर करून बघा, जमतं. दुसरं उदाहरण चक्रवाढ व्याजाचं: १,००० डॉलर, ६ टक्के, ५ वर्षं. व्याजदराला ४ नं भागलंय आणि फेऱ्या ५ गुणिले ४ घेतल्यात, म्हणजे व्याज तिमाही. उत्तर ३४६.८५५००७.

या चार-पाच ओळींत भाषेचा एक नियम उघडा पडतो. मुद्दल १,००० ठेवलं ती ओळ काहीच छापत नाही. शेवटी मुद्दलातून १,००० वजा केले ती ओळ मात्र उत्तर छापते. शेवटची क्रिया किंमत ठेवून घेण्याची नसेल तरच निकाल दिसतो. शिवाय टर्मिनलवर टाइप केलेली ओळ लगेच चालते, आणि फाइलमधून आलेली ओळ आधी कंपाइल होऊन नंतरसाठी थांबते. ‘कंपायलर-इंटरप्रिटर’ हे जोडनाव उगाच दिलेलं नाही. एकेक फंक्शन अर्धवट प्रोग्रॅममध्येच तपासता यावं, हा हेतू त्या पानावर स्पष्ट लिहिला आहे. आज आपण पायथॉनमध्ये ज्या सवयीनं काम करतो तीच ही.

सोर्स कोड मिळाला तर

कोडच्या अंगावर वय लिहिलेलं असतं. इंटरप्रिटर पीडीपी-११ या संगणकाच्या असेंब्लीत असेल तर तो जुन्या पिढीचा. सहाव्या आवृत्तीतला ‘बीएएस’ हा बेसिकचा इंटरप्रिटर अजून असेंब्लीतच आहे, कर्नल, म्हणजे युनिक्सचा गाभा, सीमध्ये जाऊन दोन वर्षं उलटली तरी. सीमध्ये असेल तर बेरीज-करून-ठेवण्याचं चिन्ह बघा. आधी बरोबर आणि मग अधिक असं लिहिलं असेल तर ती जुनी सी. आजचा क्रम १९७६च्या सुमारास आला. फाइल उघडताना ५१८ बाइटांचा बफर राखून ठेवलेला दिसला, तर तो सहाव्या आवृत्तीच्या वळणाचा कोड: दोन-दोन बाइटांच्या तीन यंत्रशब्दांचे सहा बाइट आणि पुढे ५१२चा ठोकळा. स्टँडर्ड आय-ओचा ‘फाइल’ पॉइंटर दिसला तर त्यानंतरचा. प्रोग्रॅम पाइप (एका प्रोग्रॅमचं उत्तर थेट दुसऱ्याला पुरवण्याची सोय) उघडत असेल तर तो भाग १९७३च्या आधीचा असूच शकत नाही.

नुसती बायनरी हाती आली असेल तर ‘व्हॉट’ ही आज्ञा चालवा. लेखकानं तशी सोय केली असेल तर एससीसीएस फाइलमध्ये एक खूण पेरतं: ॲट-चिन्ह, आणि पुढे कंसात हॅश. ‘व्हॉट’ ती शोधून पुढचं फाइलचं नाव आणि आवृत्ती छापतं. इथे सावध राहा. आवृत्ती १.१ म्हणजे भाषेची पहिली आवृत्ती नव्हे. कोड एका घरातून दुसऱ्या घरात हलला की नवी मंडळी तो स्वतःच्या एससीसीएसमध्ये घालतात आणि आकडे पुन्हा १.१ पासून सुरू होतात.

घड्याळ: नागपूर आणि न्यू जर्सी

तारखा लिहिण्याआधी मशीनचं टाइमझोन तपासा. आपलं घड्याळ न्यू जर्सीच्या पुढे हिवाळ्यात साडेदहा तास, उन्हाळ्यात साडेनऊ तास. तिथे हिवाळ्यात दुपारी दीडनंतर सेव्ह केलेली प्रत्येक फाइल तुमच्या लॅपटॉपवर दुसऱ्या दिवसाची दिसणार. मॅन्युअलच्या पानावर एक तारीख, फाइलवर दुसरी, आणि त्यावर उगाच तर्क लढवत बसायचं. ‘टीझेड’ हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, ठेवा आणि वहीत तसं लिहा.

फार जुन्या टेपचा प्रश्न आणखी वेगळा. पहिल्या आवृत्तीत वेळ सेकंदाच्या साठाव्या भागात मोजत होते, आणि मोजणी १ जानेवारी १९७१ पासून. ३२ बिटांत हा आकडा सव्वादोन वर्षांतच भरून जातो. त्या सुरुवातीच्या मॅन्युअलांतच लिहिलंय की यामुळे दर २.२६ वर्षांनी संकट ठरलेलं. त्या काळातल्या फाइलवर आजच्या यंत्रानं दाखवलेली तारीख निरर्थक असू शकते. तिथे छापील पानाच्या माथ्यावरची तारीख जास्त भरवशाची.

चालवून बघणं

वाचून जे कळत नाही ते चालवून कळतं. बॉब सपनिक यांचा ‘सिम-एच’ हा एम्युलेटर, म्हणजे जुन्या संगणकाची नक्कल करणारा प्रोग्रॅम, घ्या. उबुंटूवर तो पॅकेज म्हणून मिळतो. त्यावर पीडीपी-११ उभा करून सहावी किंवा सातवी आवृत्ती चालवा. डिस्क इमेजची एक प्रत आधी काढून ठेवा आणि मूळ फाइल फक्त-वाचण्यासाठी करा, कारण बूट केल्याबरोबर फाइलींच्या वेळा बदलायला लागतात. बंद करताना ‘सिंक’ करूनच बाहेर या.

सहाव्या आवृत्तीत ‘सीडी’ नाही. ‘सीएचडीआयआर’ असं लिहावं लागतं. बॅकस्पेसही चालत नाही. आधीचं अक्षर खोडायला हॅश, अख्खी ओळ खोडायला ॲट-चिन्ह. आता एससीसीएसची खूण आठवा: तिच्यात ही दोन्ही चिन्हं आहेत! जुन्या टर्मिनलवर ती टाइप करायला गेलात तर ओळच पुसली जाते. दोन्ही चिन्हांपुढे बॅकस्लॅश द्यावा लागतो. ‘व्हॉट’ आज्ञेमुळे ती खूण हातानं टाइप करायची वेळच येत नाही.

बीएस स्वतः चालवायची तर एआयएक्स ही सोपी वाट. तुमच्या ओळखीत कुणी एआयएक्स सांभाळत असेल तर चाचणीच्या मशीनवर, रीतसर परवानगी घेऊन, वरची दोन उदाहरणं चालवायला सांगा. कामाच्या मशीनवर हा उद्योग नको. उत्तर ११.७८४९६ आणि ३४६.८५५००७ आलं, की चाळीसेक वर्षांपूर्वीच्या पानाशी आजची बायनरी इमान राखून आहे एवढं सिद्ध झालं.

माणसं

नागपुरात हे काम करणाऱ्यांना एक फायदा आहे. १९६०चं व्हीआरसीई, म्हणजे आजचं व्हीएनआयटी, नीरी, बँकांची मोठी कार्यालयं, अशा ठिकाणी नोकरी करून निवृत्त झालेली तांत्रिक माणसं शहरात भरपूर आहेत. नव्वदच्या दशकात बँकांच्या शाखांचं संगणकीकरण मोठ्या प्रमाणावर युनिक्सवरही झालं. कुणाच्या तरी माळ्यावर सिस्टिम फाइव्हचं मॅन्युअल असण्याची शक्यता खरी आहे. बर्डीवरच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांतही नजर ठेवा. मुखपृष्ठ फाटलेलं असलं तरी चालेल. आतलं छपाईचं साल आणि अनुक्रमणिका शाबूत हवी.

भेटायला गेलात की साल विचारू नका. तीस-चाळीस वर्षांपूर्वीचं साल कुणालाच धड आठवत नाही, आणि समोरचा माणूस तुम्हाला बरं वाटावं म्हणून एखादं सांगून टाकतो. हाताची सवय विचारा. ‘‘काकाजी, टाइप करताना चुकलं तर कोणतं बटन दाबत होते तुम्ही?’’ ‘‘बॅकस्पेस कुठचं बापा तेव्हा, हॅश मारायचो’’ असं उत्तर आलं तर एका वाक्यात मशीनच्या पिढीबद्दल बरंच कळलं. मॅन्युअल बांधलेलं पुस्तक होतं की रिंगच्या फाइलमध्ये, छापील होतं की झेरॉक्स, टर्मिनलवर लहान अक्षरं दिसायची का, असे प्रश्न विचारा. रेकॉर्डिंगची परवानगी आधी घ्या, आणि लिहिलेलं त्यांना दाखवून मगच वापरा.

लिहून काढताना

बीएसबद्दल मी लिहिलं असतं ते साधारण असं: ‘सातव्या संशोधन आवृत्तीच्या (१९७९) मॅन्युअलात नाही. बेल सिस्टिमच्या आतल्या रिलीज ३.०च्या म्हणजे सिस्टिम थ्रीच्या मॅन्युअलात आहे. स्नोबॉल-४चे तीन विशेष स्पष्ट दिसतात. नमुना जुळवण्याची रीत एक्स्परशी मिळते. कर्ता म्हणून डिक हेट यांचं नाव.’ प्रत्येक वाक्यापुढे कुठल्या मॅन्युअलाचं कुठलं पान ते द्यायचं. ‘पहिली’, ‘एकमेव’, ‘सर्वप्रथम’ हे शब्द पुरावा हाती येईपर्यंत दूर ठेवायचे.

कोड प्रसिद्ध करण्याआधी परवाना बघा. जानेवारी २००२ मध्ये कॅल्डेरा कंपनीनं पहिल्यापासून सातव्यापर्यंतच्या १६-बिट आवृत्त्या आणि ३२व्ही खुल्या परवान्याखाली दिल्या. सिस्टिम थ्री आणि सिस्टिम फाइव्ह त्यातून स्पष्ट शब्दांत वगळल्या आहेत. त्यामुळे ‘बीएएस’चा किंवा ‘एसएनओ’चा जुना कोड तुम्ही परवान्याच्या मजकुरासह आपल्या लेखात देऊ शकता. बीएसच्या बाबतीत कोड जसाच्या तसा उतरवू नका. तो काय करतो ते तुमच्या शब्दांत लिहा, मॅन्युअलातली ओळ-दोन ओळ गरजेपुरती उद्धृत करा, आणि वाचकाला मूळ संग्रहातली जागा दाखवा.